भिंगरीचं मागचं चाक

मी एक चाक आहे. बाजारहाट करणाऱ्या साध्या सायकलचं नव्हे, बरं का! डोंगरमाथ्यावरून दगडधोंड्यांतून, झाडांच्या मुळांवरून सुसाट खाली येणारी जी सायकल असते, तिचं मी मागचं चाक. मागचं म्हणून नाक मुरडू नका. उतारावरचे मोठमोठे दणके मीच खातो.

माझा जन्म कारखान्यातला. अॅल्युमिनियमची लांब पट्टी गोल वळवून माझी रिम झाली. मग चष्मा लावलेल्या एका बाईंनी मला पुढ्यात घेतलं आणि मधल्या हबपासून कडेपर्यंत एकेक आरा ओवला. आरे ताणताना त्या प्रत्येकाला बोटाने छेडून बघायच्या. एखादा ढिला वाजला की म्हणायच्या, "तू नको हं लाडात येऊस." तेवढंच काय ते माझं बालपण.

तिथून मी एका दुकानात आलो आणि आकड्याला टांगला गेलो. माझ्या शेजारी कार्बनचं एक काळंभोर, तुकतुकीत चाक होतं. माणसांची एक गंमत मी तिथे पाहिली. चाक घ्यायला येणारा प्रत्येक जण ते आधी दोन बोटांनी उचलून बघायचा. शेजाऱ्याला उचललं की डोळे चमकायचे. मला उचललं की, "हे जडच आहे जरा," म्हणून परत आकड्याला. वाईट वाटायचं. पण करतो काय? अंगावर धूळ घेत लटकत राहिलो.

एके सकाळी मायलेकी दुकानात आल्या. लेकीचा हात नुकताच झोळीतून निघाला होता. उतारावर तिचं मागचं चाक तुटलं होतं आणि गळ्याजवळचं हाड मोडून ती कितीतरी दिवस घरी पडून होती. आईचं शिलाईचं दुकान होतं. लेकीला ती भिंगरी म्हणायची. सायकल विकून टाक, असं तिने शंभरदा सांगून पाहिलं होतं. लेक भांडली नाही, नुसती गप्प झाली. त्या गप्पपणापुढे आई हरली आणि तिने एक अट घातली. नवं चाक ती स्वतः निवडणार. एकही पसंत पडलं नाही, तर सायकल विकायची.

"काकू, काय दाखवू?" दुकानदाराने विचारलं.

"न मोडणारं दाखवा."

त्याने शेजाऱ्याला काढलं. काकूंनी एक डोळा मिटून त्याची कड तपासली. मग दोन स्टुलांवर ते आडवं ठेवलं आणि पदर खोचून त्यावर बसायला निघाल्या.

"अहो काकू! काय करताय?"

"का? माझं वजन पेलवत नाही आणि डोंगर पेलवणार?"

"आडवं ठेवलं तर कुठलंही चाक वाकेल हो. चाकाचा जोर उभ्यात असतो."

भिंगरी खळखळून हसली. आई तिच्याकडे बघतच राहिली. बहुतेक ते हसू घरात बरेच दिवस ऐकू आलं नव्हतं.

मग भिंगरीने मला खाली काढलं, जमिनीवर उभं धरलं आणि आईचे दोन्ही तळवे माझ्या माथ्यावर ठेवले. "आता दे जोर."

आईचे तळवे ओले होते. टाचा उचलून तिने सगळा भार माझ्यावर टाकला. मी तसूभरही हललो नाही. आजवर दोन बोटांनी हिणवलेल्या माझ्यावर एका आईने सगळा जीव ओतून पाहिला होता!

"हे मोडणारच नाही ना?"

दुकानदार हो म्हणणार, एवढ्यात भिंगरी बोलली, "मोडू शकतं, आई. खोटं नाही सांगणार. आणि त्या दिवशी चूक चाकाची नव्हती, मी चुकीच्या दगडावर उतरले. पण अॅल्युमिनियमची ही जात बहुतेकदा मोडायच्या आधी वाकते. वाकलं की कळतं. थांबता येतं."

झालं, मला वाटलं, आता सायकल विकली जाणार. असं ऐकून कुठली आई हो म्हणेल?

"वाकलं तर थांबशील?" आईने विचारलं.

"थांबेन."

"शर्यत चालू असली तरी?"

भिंगरीने माझ्या एका आऱ्याला बोटाने छेडलं. मग हळूच म्हणाली, "तरी."

"शपथ नको घेऊस. नुसतं थांब." आणि दुकानदाराकडे वळून, "हे द्या."

"पुढचं चाक मात्र हलकं घेईन हं मी."

"घे. पुढचं तुझं, मागचं माझं."

शर्यतीच्या दिवशी आम्ही काय उतरलो म्हणून सांगू! वारा आमच्या मागे पडत होता. खाली शर्यतीच्या शेवटच्या दोरीपाशी उभी असलेली माणसं दिसू लागली आणि तेवढ्यात एका धारदार दगडाने मला गाठलं. रिमला खोल पोचा पडला. टायरमधून हवा फुसफुसू लागली. शेवट हाकेच्या अंतरावर होता. भिंगरीची बोटं ब्रेकवर अडखळली. मला ती चलबिचल कळली. मग तिने ब्रेक दाबला.

ती सायकल खांद्यावर घेऊन चालत खाली आली. डोळे भरलेले.

"आई, तिसरी आले असते गं."

"आली असतीस," आई म्हणाली. तिने उगाच समजूत घातली नाही. खाली बसून माझ्या पोच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "छान वाकलंय हो."

मी पुन्हा उतारावर जाण्याजोगा उरलो नाही. चारच दिवसांनी काकू मला काखेत मारून एकट्याच त्या दुकानात गेल्या. "दादा, अगदी असंच द्या. पुढच्या शर्यतीला हवंय."

माझ्या जागी आता माझाच धाकटा भाऊ धावतो. तुम्ही कधी चाक घ्यायला गेलात, तर नुसतं उचलून ठेवू नका. दणका बसल्यावर ते काय करतं, हेही विचारा. एवढीच माझी विनंती.

मी हल्ली शिलाई मशीनच्या वर भिंतीला टांगलेला असतो. मापं द्यायला आलेल्या बायका विचारतात, "हे वाकडं चाक कशाला हो ठेवलंय?"

काकूंच्या ओठांत टाचण्या असतात. त्या एकेक करून सगळ्या काढतात, नीट डबीत ठेवतात आणि मान ताठ करून सांगतात, "ते मी निवडलेलं आहे."