फसलेलंही धरायचं

डोळखांबला रंजिताचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, ट्रॉलीची दुरुस्ती अशी कामं रोजची. पण तिचं मन अडकलं होतं नाचणीच्या मळणीत. डोंगरउतारावर नाचणी पिकवणाऱ्या बायका अजून काठीनंच झोडपतात. बाजारातली यंत्रं भाताला ठीक, पण नाचणीचा बारीक दाणा ती भुशाबरोबर उडवून देतात. म्हणून तिनं स्वतःच लहान मशीन बनवायला घेतली होती. दोन फसून मागच्या भिंतीला टेकल्या होत्या.

सरकारी सर्वेक्षणाची दामिनी लहान उद्योगांची माहिती घेत तिथं पोचली, तेव्हा तिसरीची चाचणी चालली होती. दामिनीनं टॅब उघडला आणि मशीननं घरघर करत पसाभर नाचणी थेट तिच्या अंगावर फेकली. कोंबड्या धावत आल्या. ओढणी झटकत दामिनी हसायलाच लागली.

रंजितानं ओशाळून चहा ठेवला. चहाबरोबर प्रश्न सुरू झाले. वीज, पत्रा, कामगार चंदरचा पगार. मग दामिनीनं विचारलं, "यंदा गुंतवणूक काय केलीत?"

"एक कटर घेतला."

"आणि ही मशीन?"

"ही तर चालतच नाही. हिला गुंतवणूक कोण म्हणेल?"

"लोखंडाचा नास नुसता!" ओसरीवरून सासूबाई गुणाबाई म्हणाल्या. त्या सुपात नाचणी पाखडत होत्या.

"ताई, ही चालेल हे आधी माहीत होतं?" दामिनीनं रंजिताला विचारलं.

"माहीत असतं तर पहिलीच नसती का चालवली?"

"मग हे संशोधन झालं. यातून जे कळतं ते पुढं कित्येक वर्षं उपयोगी पडतं, म्हणून ते कटरसारखंच गुंतवणुकीत धरतात. फसलेलंसुद्धा."

रंजितानं मागच्या भिंतीकडे पाहिलं. पहिलीनं तिला पट्ट्याचा वेग शिकवला होता, दुसरीनं चाळणी. ते शिकणं आजवर कुणी मोजलं नव्हतं. तिला एकदम छान वाटलं.

पण धरायचं किती? पत्रा गेटातून उरलेला, वेल्डिंगच्या कांड्या एकाच डब्यातल्या. दामिनीनं चंदरला विचारलं, "मशीनवर किती वेळ जातो?"

"गिऱ्हाईक ओरडलं की गेट, नाय ओरडलं की मशीन."

टॅबमध्ये असा पर्याय नव्हता. तेवढ्यात गुणाबाई म्हणाल्या, "आन् माझा टाइम गो बाय? दर खेपेला फुटलेलं दाणं कोण वेचतं? आमी नाय वेचलं तर हिला कळंल कसं?"

खरंच होतं ते. फुटक्या दाण्यांचा ढीग बघूनच रंजिता पुढची चाळणी ठरवायची.

दामिनीनं तिच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"वेल्डिंगच्या दुकानात कसलं संशोधन? दुरुस्तीत टाका," साहेब म्हणाले.

"सर, दुरुस्ती जुन्या वस्तूची असते. ही अजून झालीच नाही. आणि मी चाचणी पाहिलीय. अंगावर घेतलीय म्हणा ना!"

साहेब हसले आणि नरमले. चंदरचा पगार आणि सामान अंदाजानं धरायला त्यांनी होकार दिला. सासूबाईंचं मात्र नाही. "त्यांना मजुरी दिली नाही ना? मग खर्च दाखवणार कसा?"

गुणाबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे फुकट केलं म्हणून ते कामच नाय?"

"काम आहे आजी," दामिनी अवघडून म्हणाली. "आमच्या आकड्यात दिसत नाही, एवढंच."

"मग दिसू दे. रंजिते, पुढल्या खेपेपासून मला मजुरी लाव. चंदरला देते तशी."

रंजिताला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. पण चेहरा गंभीर होता. मशीनला नावं ठेवणारी सासू आता त्याच कामात हक्क मागत होती. रंजिताला हसूही आलं आणि भरूनही.

"लावली, आई."

चौथी मशीन दिवाळीनंतर चालली. दाणा आख्खा आला, भूस वेगळं पडलं. पाड्यावरच्या बायका बघायला जमल्या. गुणाबाईंनी मूठभर नाचणी उन्हात धरून निरखली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "देठं येतात अजून."

रंजितानं मशीन बंद केली आणि चंदरला पाना आणायला पाठवलं.