माझं नाव दुसरीला लावलं

मी एक जुनी डिस्क आहे आणि माझं डोकं भयंकर फिरलंय. का फिरलंय ते ऐका, मित्रांनो!

मशिनरूमबाहेर दोन टेबलं चिकटून आहेत. एकावर ऑपरेटर काकू, शेजारी झुपकेदार मिशांचा मिशाळ. त्या दिवशी मशिन बंद करून परत चालू करायचं होतं, आणि काहीतरी बिघडेल ही काकूंची भीती.

"काही होत नाही हो काकू! झालंच तर कँटीनमध्ये सगळ्यांसमोर अर्धी मिशी उतरवतो."

"आणि नाही झालं, तर मी आठवडाभर तुला साहेब म्हणेन. लागली पैज!"

माझ्या जिवावर पैज! मला विचारलं कुणी?

अहो, पलीकडच्या हॉस्पिटलच्या सगळ्या पेशंटची माहिती माझ्या पोटात आहे. नवी होते तेव्हा लोक मला बघायला यायचे. आता कपाट उघडतात ते धूळ झटकायला, तेही शिंकत, शिव्या देत! माझ्याकडे माझं म्हणून एकच काय ते, कपाळावरचं सहा अक्षरी नाव. मशिन मला त्यावरनंच ओळखतं.

आमच्या मशिनच्या पोटात सरावासाठी एक खोटं मशिन चालतं. त्याच्यासाठी मिशाळनं महिन्यापूर्वी दुसऱ्या डिस्कवर माझी हुबेहूब नक्कल काढली. नावासकट!

"अरे, तिचं नाव बदल," काकू तेव्हाच म्हणाल्या होत्या.

"आतल्या मशिनला एकच दिसते ना? मग कशाला भानगड?"

आतल्याला एकच दिसते, कबूल. पण बाहेरचं मशिन उठलं की सगळ्यांची हजेरी घेतं. एका नावाच्या दोघी निघाल्या, तर जिचा नंबर आधी ती घरात, दुसरी दाराबाहेर. आणि ही नकटी रांगेत माझ्या पुढे!

मशिन उठलं. नक्कल आत, मी बाहेर. मिशाळ मिशीला पीळ देतोय तोच हॉस्पिटलमधून सिस्टरचा फोन.

"या छोटीला कुठलं औषध चालत नाही ते मी मागच्या आठवड्यात टाकलं होतं. कुठे गेलं? डॉक्टर इंजेक्शन भरून उभे आहेत!"

महिन्यापूर्वीच्या नकलेत ते कुठून असणार?

"टोचू नका! थांबा!" काकू ओरडल्या. मिशाळ पांढराफटक. त्यानं नकलेचं नाव बदललं, मशिन पुन्हा उठवलं. मी आत आले. सिस्टरला नोंद दिसली. भरलेलं इंजेक्शन फेकून दिलं.

पोर वाचली, पण माझा राग गेला नाही. मित्रांनो, नकला खुशाल काढा, शंभर काढा! पण नाव तेवढं लगेच बदला. आतल्याला एकच दिसते म्हणून भागत नाही, बाहेरच्याला दोघी दिसतात.

दुसऱ्या दिवशी कँटीन खचाखच भरलं.

"काकू, पूर्णच काढतो ना," मिशाळ गयावया करत होता.

"अर्धी ठरली होती. बस."

तेवढ्यात गर्दीतून सिस्टर पुढे आली, हॉस्पिटलातनं खास त्यासाठी आलेली. तिनं काकूंच्या हातातला वस्तरा घेतला, मिशाळची हनुवटी धरली.

"हलायचं नाही," ती म्हणाली. "आणि कुठलं औषध चालत नाही ते आत्ताच सांगा."