तेरच्या तंबूत तारी

तारी गेल्याची बातमी तेरला पेपरातनं आली. पेपर यष्टीनं आला, एक दिवस शिळा. मास्तरांनी चावडीपुढं वाचून दाखवला की विख्यात नटी चंद्रप्रभाबाई मुंबईत वारल्या, आन् त्या मूळच्या धाराशिवकडच्या एका खेड्यातल्या. एका खेड्यातल्या म्हणे. नाव लिहायला शाई संपली होती का काय त्यांची?

चंद्रप्रभा हे नाव कंपनीनं ठेवलेलं. आमची ती तारामती, धनगराची तारी, हरिबाची धाकटी बहीण आन् माझी मैतरीण. तेरणेच्या वाळूत एकाच झिऱ्यातनं आमी पाणी भरलंय, एकमेकींच्या उवा मारल्यात. तवा तिच्याबद्दल मला कुणी शिकवू नये. म्या गजराबाई, माझं तोंड तिखट हाय, हे गावाला ठावं हाय.

निजामाचं राज्य होतं तवा गोरोबाकाकांच्या जत्रंत नाटक कंपनी आली. तारी मेंढरं कोंडून रोज नाटकाला जायची, आन् दुसऱ्या दिवशी रानात मेंढरांपुढं अख्खं नाटक करून दाखवायची. राजाबी तीच, राणीबी तीच. कंपनी उठली तशी तारीबी गेली. आयबाप आधीच गेलेले, हरिबानंच तिला लेकरासारखी वाढवलेली. लोकं नको नको ते बोलले. हरिबा उठला. नदीवर गेला, डोक्यावरनं पाणी घेतलं आन् बहिणीच्या नावानं आंघोळ करून वल्ल्या धोतरानं घरी आला. ही आंघोळ माणूस मेल्यावर करत्यात. जित्या माणसाची केली म्हंजे ते माणूस त्या घराला मेलं. तवापासनं हरिबानं तिचं नाव काढलं न्हाय.

पर पोरगी अशी निघाली की बघत राहावं. धाराशिवला तिचं नाटक आलं तवा म्या मालकांशी भांडून गेले. ऐन रंगात ग्यासबत्ती विझली. अंधार गुडुप. दुसरी असती तर आत पळाली असती. ही बया अंधारात तशीच बोलत राहिली, आन् येवढी माणसं, एकानं शिट्टी मारली न्हाय. बत्ती पेटली तर ती जागची हालली नव्हती, आन् माझ्या शेजारची वकिलीणबाई तोंडात पदर कोंबून रडत होती. म्या तिला म्हणलं, "आमच्या गावची हाय." उगीच का सोडायचं?

मग ती सिनेमात गेली. लई नाव केलं. पर बाई कुणा नटीची नक्कल करायची न्हाय. चुलीपुढं बसली की तिच्या आयवाणी भाकरी उलथायची, डोळं पुसायचं तर मनगटानं पुसायची, कारण हाताला पीठ असतंय. आमच्या बायांचं जिणं तिनं जसंच्या तसं पडद्यावर नेलं, आन् शहरातले लोक ते बघून टाळ्या वाजवायचे. मला लई अभिमान वाटायचा, अजून वाटतो.

दरसाल ती तुळजापूरला आईच्या दर्शनाला यायची, पर तेरला न्हाय. म्याच भाकरी-ठेचा बांधून तिकडं जायची. पुजाऱ्याच्या वसरीत ती मांडी घालून जेवायची अन् आधी विचारायची, "नदीला पाणी हाय का गं?" दादा कसा हाय, हे शेवटी, उठताना. एकदा म्या तिच्या रेशमी लुगड्याचा काठ हातात घेऊन बघत होते. म्हणाली, "गजरे, लुगड्यांनी पेट्या भरल्यात माझ्या. त्यात भावाचं एक बी न्हाय. मेल्यावर तरी म्हायेरचं अंगावर पडंल का गं?" म्या तिला गप केलं. आमच्यात लेक गेली की म्हायेरचं लुगडं घातल्याबिगर तिला उचलत न्हाईत. तारीला मुंबईत तशीच उचलली.

बातमी आली त्या दिवशी सारं गाव हरिबाच्या दारावरनं गेलं, दुखवट्याला कुणी टेकलं न्हाय. टेकणार कसं? आंघोळ कवाच होऊन गेलेली, एका माणसाचं सुतक दोनदा धरत न्हाईत. हरिबा उंबऱ्यात बसून सूत कातायची चाती फिरवत होता. चातीला लोकर नव्हती, तरी फिरवतच होता. मला त्याची कीव आली. राग बी आला. दोन्ही संगंच.

धाराशिवला मोठ्या लोकांनी सभा घेतली. फोटोला हार घातला, भाषणं केली. चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू? पर तिला पायजे होतं ते त्यांच्यापाशी नव्हतं. ते तेरमध्येच होतं, न् ते तिला मिळवून द्यायचं म्या मनावर घेतलं.

चैतात जत्रा भरली. उमरग्याकडचा हणमंतप्पा तंबूतला सिनेमा घेऊन आला. म्या त्याला गाठलं अन् तारीचा एक जुना सिनेमा लाव म्हणलं. त्यो कानडी वळणानं म्हणाला, "अव्वा, जत्रंत देवादिकाचा खेळ चालतो. त्या रिळाच्या चिंध्या झाल्यात."

"ती तेरची हाय. तिचा खेळ न लावता तेरमध्ये खुंट्या ठोकतोस व्हय? बघू तुझ्या तंबूत कोण बाई पाय ठेवती."

हणमंतप्पा हसला. "लावतो अव्वा. शाप देऊ नको."

मग म्या हरिबाकडं गेले. म्हणलं, "दादा, तारी आलीया गावात. तीन दिस हाय जत्रंत. तुमच्या घराला ती मेली असंल, पर पडद्यावर जिती हाय, चालती, बोलती. यायचं तर या, न्हायतर बसा चाती फिरवत." त्यानं वर बघितलं न्हाय. त्याची बायको म्हाळसाबाई दाराआडनं सारं ऐकत होती.

दिस मावळला तसा खेळ सुरू झाला. बाया एका अंगाला, बापे दुसऱ्या अंगाला, सारे भुईवर. सिनेमात तारी सासुरवाशीण हाय. पंचमीचा सण आलाय, साऱ्या जावांचे भाऊ येऊन गेलेत. ती दारात उभी राहून, डोळ्यावर हात धरून वाट बघती. तेरला यष्टीची वाट बघत्यात, अगदी तस्सं. म्हणती, "उशीर होईल, पर दादा येईल माझा."

बाप्यांच्या अंगाला गलका झाला. "ए म्हाताऱ्या, खाली बस." बघते तर खांद्यावर घोंगडं टाकून हरिबा पडद्याकडं निघालेला. घोंगड्याखालनं त्यानं एक हिरवं लुगडं काढलं, त्यावर खण, वर नारळ. पडद्यापाशी पोचला आन् नेमकं रीळ संपलं. मशीन येकच, रीळ बदलायला येळ लागतो. तारी गेली. मोकळ्या पडद्यापुढं हातात लुगडं घेऊन हरिबा उभा.

"कुठं गेली?" त्यानं मागं वळून विचारलं.

"रीळ संपलं, पाव्हणं," हणमंतप्पा म्हणाला. "दुसरं लावतो. त्यात भाऊ येतोय तिचा."

"त्यो न्हाय," हरिबा म्हणाला. "भाऊ म्या हाय. म्या आलोय. तेच लाव, ती दारात हुबी हाय ते."

हणमंतप्पानं ते रीळ हातानं उलटं गुंडाळलं. एरवी या येळेला शिट्ट्यांनी कान फुटत्यात. त्या दिवशी कंदिलाभवती किडे फिरत होते तेवढंच.

पुन्हा तारी आली. पुन्हा तिनं डोळ्यावर हात धरला. हरिबाच्या पटक्यावर, हातातल्या लुगड्यावर तिचाच उजेड पडला होता. त्यानं म्हाळसाबाईला हाक मारली, वटी भावजयीनं भरायची असती. म्हाळसाबाई उठली. कुंकू लावायला हात वर केला तर तिचा हात तारीच्या पावलापर्यंतच पोचला. तिनं तिथं लावलं. लुगडं-नारळ पडद्याच्या पायथ्याला ठेवलं.

"तारे," हरिबा म्हणाला, "उशीर केला गं म्या." आन् मोठ्यानं रडायला लागला. रडू दिलं साऱ्यांनी. पुढचं रीळ हणमंतप्पानं लावलंच न्हाय, आन् कुणी मागितलं बी न्हाय.

जत्रा उठेपर्यंत ते लुगडं पडद्याच्या बांबूला बांधलेलं होतं. पडद्यावरचं कुंकू हणमंतप्पानं धुतलं न्हाय. पुढं कुठल्याबी सिनेमात, राजा असू दे की राक्षस, खालच्या अंगाला त्यो लाल डाग दिसायचा.

दुसऱ्या दिवशी हरिबा नदीवर गेला, डोक्यावरनं पाणी घेतलं आन् वल्ल्या धोतरानं घरी आला. त्याच्या घरी चूल पेटली न्हाय. म्या पिठलं-भाकरी बांधून घेऊन गेले, तर वसरीत बसायला जागा नव्हती. सारं गाव येऊन बसलं होतं.