पक्की जागा

मी एक जुनी जागा आहे. नुसती जागा नव्हे, पक्की जागा. नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या एका कुरणात माझा जन्म झाला. मित्रांनो, मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून सुट्टीला निघणारी माणसे तुम्ही कदाचित पाहिली नसतील. आमच्याकडे उन्हाळा लागला की त्यांची रीघ लागते. त्या घराला कॅरॅव्हॅन म्हणतात. ते घर जिथे येऊन टेकते, तो जमिनीचा तुकडा म्हणजे मी.

पूर्वी इथे मेंढ्या चरत. मग माणसे आली. त्यांनी गवत खरवडून काढले, खाली दगड ठोकून बसवले, वर खडी अंथरली आणि रोलर फिरवला. त्या दिवशी माझी पाठ जी सरळ झाली ती कायमचीच. शेजारच्या जागा साध्या गवताच्या. जरा पाऊस झाला की त्यांचा चिखल व्हायचा, चाके रुतायची आणि कॅरॅव्हॅनवाल्याची बायको छत्रीखाली उभी राहून नवऱ्याचा उद्धार करायची. माझ्यावर कितीही जड कॅरॅव्हॅन येऊ दे, मी कधी हूं की चूं केले नाही. सपाटी बघायला पाणसळ ठेवली तर तिचा बुडबुडा बरोबर मधोमध थांबायचा. "ती कुंपणाजवळची मिळाली तर सोडू नकोस, पक्की आहे," असे लोक एकमेकांना सांगत. ते ऐकून मला गर्व चढायचा. खोटे कशाला बोलू?

माझ्या एका अंगाला डांबरी रस्ता आहे. रस्ता ओलांडला की नहाणीघर, आणि त्याच्या पडवीत भांडी घासायच्या मोऱ्या. जेवणे झाली की जो तो आपला प्लॅस्टिकचा टब घेऊन तिथे जातो. दोन कप विसळायला माणसे तासभर लावतात. कुणाच्या मुलीचे लग्न मोडले, कुणाचा कुत्रा कुणाचे सॉसेज घेऊन पळाला, सगळे तिथेच कळते. आमच्या या कॅरॅव्हॅनतळावरची खरी मजा समुद्रावर नसून त्या मोऱ्यांवर असते, असे माझे मत आहे.

आमचा तळ सांभाळायला नॉर्मन नावाचा गृहस्थ होता. मोठ्या मनाचा आणि कानाने जरा अधू. म्हणून तो फोनचा आवाज मोठा ठेवायचा. त्याची टपरी माझ्या समोरच असल्याने दोन्ही बाजूंचे बोलणे मला ऐकू येई. एका वसंतात स्टॅन नावाच्या माणसाचा फोन आला.

"माझी बायको व्हीलचेअरवर असते. गवतावर तिची चाकं फिरत नाहीत. तुमच्याकडे पक्की जागा आहे का?"

"पक्की? अहो, रणगाडा आणून उभा करा! नहाणीघरही समोर. इथं शिंकलात तर तिथं ऐकू जाईल."

"नक्की ना? मागच्या तळावर बिचारीनं सगळी सुट्टी खिडकीत बसून काढली हो. तिला फार काही नको. भांड्यांचा टब मांडीवर घ्यायचा आणि आपली आपण मोरीवर जायचं, एवढंच. मी ढकललेलं तिला खपत नाही."

"एकदम पक्की," नॉर्मन म्हणाला. "तुम्ही या तर खरं."

फोन ठेवून तो बाहेर आला आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. पाहुणी येणार, मग घर सजवायला नको का? त्याने गाडीभर नवी खडी मागवली. वाटाण्यासारखी गोल, गुळगुळीत, पिवळसर. ती त्याने माझ्यावर जाडजूड पसरली आणि दाताळ्याने अशी विंचरली की मी नव्या नवरीसारखी दिसू लागले. मीही खुशीत होते. इतक्या वर्षांत कुणी खास माझ्यासाठी आले नव्हते. या वेळी एक बाई खास माझ्या भरवशावर येणार होती.

ती आली. तिचे नाव मेव्हिस. शाळेच्या खानावळीत शेकडो पोरांना वाढण्यात तिचा जन्म गेला होता, म्हणून आवाज खणखणीत आणि दंड मजबूत. पाय मात्र आजाराने नेले होते. स्टॅनने कॅरॅव्हॅन माझ्यावर सरळ लावली. सगळ्या कॅरॅव्हॅन एकाच दिशेला तोंड करून लावायच्या, असा तळाचा नियम. त्यामुळे दार आले कुंपणाच्या बाजूला. स्टॅनने दाराला उतरती फळी लावली. तोवर नॉर्मन स्वागताला आला आणि स्टॅनला म्हणाला, "यांना चहा चालतो का?"

"यांना चालतो," मेव्हिस म्हणाली. "यांना ऐकूही येतं."

नॉर्मनचे कान लाल झाले. मग सगळेच हसले.

चहा झाला. मेव्हिसने कप टबात ठेवले, टब मांडीवर घेतला, फडके खांद्यावर टाकले. "बाजूला हो स्टॅन, मी चालले," असे म्हणत ती फळीवरून झोकात खाली आली. आणि माझ्यावर येताच थांबली.

पुढची छोटी चाके माझ्यात रुतली होती. तिने जोर लावला. मोठी चाके जागच्या जागी फिरली आणि तीही खाली गेली. मित्रांनो, जन्मभर मी दोन टनांची घरे पेलली होती, पण एका बाईच्या खुर्चीची चाके मला पेलता येईनात. माझ्यावरची नवी खडी सुटी होती. तिच्या चाकाखालचा एकेक खडा बाजूला सरकत होता आणि त्याला धरून ठेवायला मला हात नव्हते. मी आतून नुसती ओरडत होते, पण जमिनीचे ओरडणे कुणाला ऐकू जाते?

"अगं, थांब, मी ढकलतो," स्टॅन म्हणाला.

"हात लावू नकोस!"

शेजारपाजारचे धावून आले. मंडळी वाईट नव्हती हो. कुणीतरी आपल्या दारातले पायपुसणे आणून खडीवर टाकले. ते बघून दुसऱ्याने आणले, मग तिसऱ्याने. ब्रेंडा नावाच्या एका बाईने तर इस्त्रीचे टेबलही आणले आणि नवऱ्याची बोलणी खाल्ली. बघता बघता माझ्यावर पायपुसण्यांची वाट तयार झाली. कुणावर सुस्वागतम, कुणावर मांजरीचे चित्र. मेव्हिसलाही हसू आले. "राणीसाहेबांची स्वारी निघाली, वाट सोडा!" असे म्हणत तिने चाकांना रेटा दिला.

मांजरीपर्यंत ती गेली. मग मांजर खडीवरून घसरले, खुर्ची कलली आणि टब माझ्यावर पडला. एक कप फुटला.

पुढे काय झाले ते मला सांगवत नाही. दोन धट्ट्याकट्ट्या पुरुषांनी तिला विचारलेही नाही. एकाने इकडून, एकाने तिकडून खुर्ची उचलली आणि बाईंना कपाट हलवावे तसे रस्त्यापलीकडे नेऊन ठेवले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, काम फत्ते झाले. मेव्हिस मोरीपाशी बसली होती, पण टब तिच्या मांडीवर नव्हता. तो स्टॅनच्या हातात होता.

त्यानंतर ती बाहेर आली नाही. स्टॅन टब घेऊन जायचा. मोरीवर बायका विचारायच्या, "मेव्हिस बरी आहे ना?" तो म्हणायचा, "मजेत आहे. खिडकीतून समुद्र बघतेय." कॅरॅव्हॅनची खिडकी माझ्या अगदी वर होती. तिच्यातून समुद्र दिसत नाही. तिच्यातून मोऱ्या दिसतात.

निघायच्या आदल्या दिवशी नॉर्मन टोपी हातात घेऊन आला. "बाई, माझं चुकलं. मला खरंच वाटलं होतं की जागा पक्की आहे."

"बसा," मेव्हिस म्हणाली.

"नको, मी उभा बरा आहे."

"तिथं नाही, नॉर्मन. या खुर्चीत."

ती पलंगावर सरकली. स्टॅनने रिकामी खुर्ची खाली आणून खिडकीखाली माझ्यावर ठेवली. नॉर्मन बसला. "आता जा मोरीवर," मेव्हिस खिडकीतून म्हणाली, "आणि पाय वापरायचे नाहीत हं!" त्याने रेटले. पुन्हा रेटले. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. खुर्ची तसूभर हलली नाही. स्टॅनला हसू फुटले, पण नॉर्मन हसला नाही. त्याने चाकांखालच्या खडीकडे पाहिले आणि मग रस्त्यापलीकडच्या मोरीकडे.

"पुढल्या वर्षी इथं डांबर असेल," तो म्हणाला. "दारापासून मोरीपर्यंत. माझा शब्द आहे."

"बघू हं," मेव्हिस म्हणाली. पण जाताना तिने मोटारीच्या खिडकीतून माझ्याकडे बघून हात हलवला. जमिनीला कुणी हात हलवते का? तिने हलवला.

नॉर्मनने वरच्या कचेरीला कळवले, फोन केले, भांडलासुद्धा. मग त्याचे वय झाले म्हणून तो निवृत्त झाला. त्याच्या जागी गेविन नावाचा तरुण, नेटका माणूस आला. थंडी सरली आणि एके दिवशी ट्रक आला. मला वाटले, आले डांबर! तो कढत, उग्र वास सोसायला मी एका पायावर तयार होते. पण त्यांनी माझ्या कोपऱ्यात एक खांब रोवला. खांबावर निळी पाटी, पाटीवर पांढरी व्हीलचेअर. आणि जागेला शोभा यावी म्हणून वर ट्रकभर नवी खडी ओतली. मेव्हिसच्या फुटलेल्या कपाचा कान माझ्या अंगात अजून होता, तोही त्या खडीखाली गेला.

स्टॅनचा फोन आला. फोनचा आवाज नॉर्मनने ठेवला होता तसाच मोठा होता. गेविनने खिडकीतून माझ्याकडे पाहिले. त्याला पाटी दिसली. "हो तर!" तो म्हणाला. "तुमच्यासाठीच केलीय, खास जागा. पाटीसकट. एकदम पक्की."

मला तोंड असते तर मी त्या वेळी किंचाळले असते.

ते आले. मोटार माझ्यासमोर थांबली. मेव्हिसच्या मांडीवर नवा कोरा लाल टब होता. आधी तिला पाटी दिसली आणि तिचा चेहरा उजळला. "बघ, केलं की नाही नॉर्मननं!" मग तिची नजर खाली आली.

स्टॅन उतरून कॅरॅव्हॅन सोडवायला मागे निघाला होता.

"सोडवू नकोस," ती म्हणाली. "चल घरी."

"अगं, आपण काहीतरी करू. लोक आहेत, उचलतील..."

"म्हणूनच, स्टॅन. चल."

तिने टब मांडीवरून काढून पायांपाशी ठेवला. या वेळी तिने हात हलवला नाही. गाडी वळताना चाकांनी माझ्यावर दोन चऱ्या पाडल्या. गेविनने दाताळे आणून त्या नीट बुजवल्या.

मित्रांनो, मला कुणाला दोष द्यायचा नाही. मला तर स्वतःचा एक खडाही हलवता येत नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, जागा बांधाल, पाट्या लावाल. तेव्हा एखादी जागा पक्की म्हणण्याआधी त्या खुर्चीत एकदा बसा आणि आपल्या हाताने चाक फिरवून बघा. आणि विचारायचे ते खुर्ची ढकलणाऱ्याला नको, खुर्चीत बसणाऱ्याला विचारा.

ऐका, टपरीत फोन वाजतो आहे. पलीकडून एक बाई स्वतःच विचारते आहे, "जागा पक्की आहे ना हो?" गेविन खिडकीतून माझ्याकडे बघतो आहे. मला बोलता येत नाही. तुम्हाला येते ना? मग सांगा की कुणीतरी तिला!