टोप्या बसवायची डबी

यंदाच्या दसऱ्याला आमचे हे दहाही बोटं शाबूत घेऊन घरी आले. बाकीच्या बायका शिलंगणाहून आलेल्या नवऱ्याचं तोंड ओवाळतात, मी आधी ह्यांचे हात ओवाळले. हसायचं तर खुशाल हसा. माझा जीव वर्षभर टांगणीला होता, तुमचा नव्हता.

आमचं गाव औशाच्या अलीकडं. दसऱ्याला संध्याकाळी सगळं गाव शिवेवर जातं. तिथं आमच्या घरातलं जुनं सहाबारी पिस्तूल वाजतं आणि मगच लोक आपट्याला हात लावतात. निजामाच्या काळात घराण्याला मिळालेलं हे पिस्तूल. लायसन ह्यांच्या नावावर, आणि सलामीसाठी दरवर्षी ठाण्यातून वेगळी परवानगी. त्याला काडतूस लागत नाही. चरखीत सहा घरं असतात. एक घोड्याखाली रिकामं सोडायचं, बाकीच्या पाचांत काळी दारू ओतायची, कापसाचा बोळा ठासायचा, वरून मेण लावायचं. गोळी नसते, नुसता आवाज. प्रत्येक घराच्या मागं एक बारीक पोकळ टोक असतं आणि त्यावर मसुराएवढी तांब्याची टोपी बसवायची. घोडा आपटला की टोपी फुटते, तिची ठिणगी पोकळीतून आत जाते आणि बार होतो.

सगळा घोळ त्या टोपीचा. गेल्या दसऱ्याला एक टोपी नीट बसेना, तर ह्यांनी ती चाकूच्या मुठीनं ठोकली. ती फुटली आणि तांब्याची चीप अंगठ्यात घुसली. चरखीतलं ते घर अजून रिकामं होतं म्हणून तेवढ्यावर भागलं. दारू भरलेली असती तर लातूरच्या डॉक्टरांना टाके घालायला अंगठाच उरला नसता. डॉक्टरांनी हे तोंडावर सांगितलं. ह्यांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "डाक्टरला काय कळतंय बंदुकीतलं?"

मग मीच हालचाल केली. माझ्या भाच्यानं मोबाईलवर एक यंत्र दाखवलं होतं. चपटी पितळी डबी, आत टोप्या ओळीनं बसतात, तोंडाशी एकेक येते. डबीचं तोंड टोकावर दाबायचं आणि बाजूला ओढून घ्यायचं, की टोपी तिथं बसलेली. बोटं लांबच्या लांब. लातुरात उमाशंकर म्हणून लेथवाला आहे, त्याच्या मागं लागून मी ती करून घेतली. पहिली डबी टोप्या नुसत्या ओकत होती. दुसरीत त्यानं पेनातली स्प्रिंग घातली तेव्हा कुठं जमलं. डबीला दुसऱ्या टोकाला टोपी उचकटायचा चपटा आकडाही होता. मी रिकाम्या पिस्तुलावर इतक्यांदा करून बघितलं की झोपेतही टोप्या बसवल्या असत्या.

ह्यांनी डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "ह्ये खेळनं हाय. माझ्या बापानं असलं काय वापरलं न्हाई."

"तुमच्या बापाला शुगर नव्हती," मी म्हणाले.

नवरा हट्टाला पेटला की आमच्याकडं बैलही लाजतो.

खंडेनवमीला ह्यांनी पिस्तुलाची पूजा मांडली. तेल लावलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिले. आणि शेजारी ती डबीही ठेवून तिच्यावरही फुलं घातली. मला वाटलं, देव पावला. कसलं काय! दसऱ्याला पिस्तूल उचललं आणि डबी तिथंच सोडली. म्हणाले, "ती पुजंत बसलीय. आज रातीपतूर हलवायची न्हाई." पुजलेलं हत्यार उत्तरपूजेशिवाय हलवत नाहीत, हे खरं. पण पिस्तुलाची उत्तरपूजा करता आणि डबीची विसरता, ही कुठली रीत? दरवर्षी दारू भरायच्या आधी हे प्रत्येक टोकावर एकेक टोपी रिकामीच वाजवतात, म्हणजे आतलं तेल जळून वाट साफ होते. यंदा तेही केलं नाही. टोप्या कमी आहेत म्हणाले. टोप्यांचा डबा भरलेला मी डोळ्यांनी बघितला होता.

हे चप्पल घालेपर्यंत मी देवासमोर दोन अक्षता टाकल्या, उत्तरपूजा झाली असं समज म्हणाले, आणि डबी कमरेला खोचली.

शिवेवर सोयाबीन काढलेलं रान मोकळं पडलं होतं. हवालदार रेवणसिद्ध लोकांना मागं सारत होते. हे दगडावर बसले, पाच घरांत दारू ठासली आणि टोप्या बसवायला लागले. पहिली मातीत पडली. दुसरी पडली. पोरं हसायला लागली. हे कपाळाचा घाम पुसायचे आणि पुन्हा डब्यात बोटं घालायचे. मी बायकांच्या घोळक्यात उभी राहून कमरेची डबी चाचपत होते. अखेर कशाबशा पाच टोप्या चढल्या. हे उठले, रानाकडं नळी धरली आणि चाप ओढला.

टक्. नुसती टोपी फुटली. बार झालाच नाही.

आणि आमच्या ह्यांनी काय करावं? काय झालं ते बघायला पिस्तूल स्वतःकडं वळवायला लागले.

"नळी तिकडंच ऱ्हाऊ द्या!" मी अशी ओरडले की वडावरचे कावळे उडाले. "हलवू नका! नमः शिवाय म्हणत थांबा!"

दारू कधी कधी उशिरा पेटते, हे ह्यांनीच मला लग्नाच्या पहिल्या दसऱ्याला शिकवलं होतं. हे थांबले. ओठ हलत होते, खरंच जप करत होते. मी घोळक्यातून निघाले आणि त्या दगडापाशी गेले. तिथं आजवर आमच्या घरची बाई गेलेली नाही. हवालदार रेवणसिद्ध एकदा माझ्याकडं बघून म्हणाले, "वैनी, जपून," आणि लोकांकडं तोंड करून उभे राहिले. भला माणूस.

मी कमरेची डबी काढली.

"ती तर घरी ठिवली हुती," हे हळूच म्हणाले.

"देवानं पाठवून दिली. पिस्तूल घट्ट धरा, नळी रानाकडं."

आकड्यानं फुटलेली टोपी काढली. मग बाकीच्या चार, एकेक, श्वास रोखून. एकही पुरती बसलेली नव्हती. सगळ्या नुसत्या टेकवलेल्या. आणि टोकांच्या तोंडाशी बघते तर लाल चिखल. तेल आणि कुंकू. चिमूटभर नव्हे, मुठीनं ओतल्यासारखं, प्रत्येक पोकळी गच्च बुजलेली. मी बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि कोरायला लागले. कोरता कोरता माझा हात थांबला.

हा माणूस पूजेत कुंकवाचा एक कण वाया घालवत नाही. मग एवढं कसं पडलं? चिमूट किती झाली हे बोटांना कळावं लागतं. मातीत पडलेल्या टोप्या, रिकाम्या न वाजवलेल्या टोप्या, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

"अहो," मी कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "बोटांना कळतंय का काही?"

हे रानाकडंच बघत होते. "न्हाई," म्हणाले. "साल झालं. टोपी हातात हाय का पडली, त्ये बघितल्याबगर कळत न्हाई."

"मग डबी का नको म्हणालात?"

"डबी घेतली असती तर तू इचारलं असतंस, का घेतली म्हून. अन् मला भ्या वाटतंय, उज्वला. गेल्या दसऱ्यापासून लई भ्या वाटतंय. चाप वढताना डोळे मिटून घेतो मी."

वर्षभर मी ज्याला ताठा समजून भांडले, ती भीती होती. मला भरून आलं, आणि त्याहून जास्त राग आला. पण भरलेलं पिस्तूल समोर असताना दोन्ही गिळले.

मी पोकळ्या साफ केल्या. डबीचं तोंड टोकावर दाबलं, बाजूला ओढलं. टोपी बसली. चरखी एक घर फिरवली, दुसरी बसली. पाचही बसल्या, घट्ट, सरळ. मी मागं सरले. "आता डोळे उघडे ठिवून वाजवा," म्हणाले.

ह्यांनी वाजवलं. धाड! धुराचा लोट रानावर पसरला आणि गाव ओरडलं. मग पुढचा, मग पुढचा. पाचवा झाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, आणि मी तिथंच ढेकळांत बसकण मारली.

लोक आपट्याकडं धावले. हे पिस्तूल खाली ठेवून माझ्याशेजारी येऊन बसले. मी ह्यांचा उजवा हात मांडीवर घेतला, पदरानं काजळी पुसली आणि अंगठ्याच्या शेंड्याला चिमटा काढला.

"हितं कळतंय?"

"न्हाई."

पहिल्या बोटाला काढला. मधल्याला काढला. "न्हाई," "न्हाई." माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तळव्यावर काढला. "थोडं," म्हणाले. मग मी मनगट धरलं आणि वर्षभराचा राग काढून असा चिमटा घेतला की हे जागच्या जागी उडाले.

"आई गं! मारतीस का काय!"

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांचं बोंबलणं मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं. सोमवारी लातूरला शुगरच्या डॉक्टरकडं जायचं, असं मी तिथंच ठरवलं. हे नाही म्हणाले नाहीत. मग मी खात्रीसाठी आणखी एक चिमटा काढला.