कव्वालीखालची धुरपताबाई

अपेक्षाने कॅसेट पुन्हा लावली आणि पुन्हा कव्वालीच वाजली. टाळ्या, पेटी, आणि त्यांच्या तळाशी कुठेतरी तिची आजी, धुरपताबाई, जात्यावरच्या ओव्या म्हणत होती. आजीचा आवाज असलेली ही एकच फीत उरली होती. रविवारी स्मृतिदिनाला ती ऐकवणार, असं सिद्धोधनमामांनी अख्ख्या पिंगळी गावाला सांगून ठेवलं होतं.

मामा जिंतूरला तिच्या घरी सकाळपासून ठाण मांडून बसले होते. आवाज वाढव, म्हणत. वाढवला की कव्वालीही वाढे. कॉम्प्युटरवर कव्वाली गाळून पाहिली, तर आधी आजीच गळून गेली.

“कॉलेजात लेकरायला हेच शिकवतीस का?” मामा म्हणाले. “अन् कॅसेट काय हलकी न्हवती. हैदराबादची हाय, क्रोमची. लय जीव व्हता माजा त्या कव्वालीवर. तरी आईसाठी पुसली.”

विकतच्या कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून तिच्या कडेला खाच ठेवलेली असे. मामांनी सगळ्यांसारखाच त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबून रेकॉर्डिंग केलं होतं. बोळा अजून तिथेच होता. तो पाहून अपेक्षाला राहवलं नाही.

“पुसलीच नाही, मामा. साध्या फितीवर लोखंडाच्या गंजासारखी भुकटी असते, तिचं चुंबकत्व सहज फिरतं. क्रोमची भुकटी हट्टी. तुमच्या रेकॉर्डरची ताकद साध्या फितीपुरतीच. म्हणून कव्वाली पुरती गेली नाही आणि आजी पुरती उमटली नाही.”

मामांनी बोळ्याकडे बघितलं.

“म्हंजी सादी आणली असती तर आई ऐकू आली असती?”

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं.

“हो,” ती म्हणाली.

मग तिच्या ध्यानात आलं, दोन कव्वाल्यांच्या मधे फीत कोरी असणार. तिथे झाकायला काही नाही. तिने फीत पुढे नेली. टाळ्या थांबल्या, खरखर आली, आणि खरखरीतून अगदी बारीक, “…दळण सरलं गं बाई…” लगेच पेटी सुरू झाली.

“येवढंच?”

“एवढंच. पुढची कोरी जागा कुठे ते शोधावं लागेल.”

मामांना कॅसेट तोंडपाठ होती, कोणती कव्वाली कुठे संपते तेही. ते खुर्ची ओढून जवळ बसले आणि कव्वाली संपायची वाट पाहू लागले.

“ही लय लांब हाय,” थोड्या वेळाने ते चिडून म्हणाले. “संपतच न्हाई.”