मॅच मी बाहेरूनच ऐकली

मी एक जुनी मिनीव्हॅन आहे. रंग कागदोपत्री चंदेरी. पण आमच्या बॉथेल गावच्या पावसाने माझ्या काचांच्या रबरांवर हिरवं शेवाळ चढवलं आहे, आणि ते मला शोभून दिसतं असं माझं प्रामाणिक मत आहे. मागचा उजवा दरवाजा ओढला की कुरकुरतो. मित्रांनो, पंधरा वर्षं पावसात उभे राहा, तुमचंही काहीतरी कुरकुरेल.

कारखान्यातलं बालपण मला आठवत नाही. मला आठवतो तो शोरूमच्या अंगणातला दिवस. प्रीताने माझ्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि उल्हासने नारळ जमिनीवर आपटला. नारळ फुटला नाही, घरंगळत शेजारच्या ट्रकखाली गेला. उल्हासचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तेवढ्यात त्यांचा पाच वर्षांचा संग्राम सरपटत गेला, दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर धरून उभा राहिला आणि त्याने तो असा टाकला की पाण्याचे शिंतोडे माझ्या दिव्यावर उडाले. मला विकणाऱ्या गोऱ्या माणसाने टाळ्या वाजवल्या.

उल्हासची नोकरी बेलव्ह्यूला, सॉफ्टवेअरमध्ये. प्रीता बायोटेकच्या प्रयोगशाळेत. सुरुवातीची वर्षं किराणा, शाळा आणि रविवारचा मराठी वर्ग यांतच गेली. संग्राम दहा वर्षांचा झाला आणि बास्केटबॉल माझ्या पोटात शिरला. मग दर शनिवारी कुठे टॅकोमा, कुठे स्पोकेन, कुठे थेट पोर्टलंड. मागच्या सीटवर दहीभाताचा डबा, एसीच्या झडपांवर वाळत घातलेले मोजे. त्या मोज्यांच्या वासाबद्दल मी काही बोलणार नाही. मुलगा वाढतच गेला. त्याच्या पायांना जागा व्हावी म्हणून माझी एक सीट काढून गॅरेजमध्ये ठेवली, ती आजही तिथेच आहे.

आता एक गंमत सांगते. इतक्या मॅचेसना मी त्याला पोहोचवलं, पण एकही मॅच मी पाहिलेली नाही. मी पार्किंगमध्ये उभी. जिमच्या दारातून चेंडूची धपधप ऐकू येई, बुटांची किरकिर, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम गलका. तो मधला क्षण मला फार आवडायचा. मला वाटे, आत जमीन नसावी. मुलं उडी मारत असावीत आणि थोडा वेळ वरच राहत असावीत, तरंगत, खाली यायचं विसरून. काचेवर रिमझिम पडत असे आणि मी माझी मॅच मनातल्या मनात खेळत असे.

माझ्यासोबत आणखी एक जण बाहेर असे. उल्हास. "माझा कॉल आहे, तुम्ही व्हा पुढे," असं म्हणून तो मांडीवर लॅपटॉप घेऊन बसे. मित्रांनो, त्याचा फोन माझ्याच स्पीकरला जोडलेला असायचा. कॉल कधीच नसायचा.

खरं कारण मला माहीत आहे. संग्राम दहा वर्षांचा असताना पहिल्याच स्पर्धेत पडला आणि त्याची हनुवटी फाटली. उल्हासने त्याला उचलून माझ्यात आणलं आणि माझी किल्ली त्याला तीनदा प्रयत्न करूनही लावता येईना. त्यानंतर तो आत गेलाच नाही. आतून शिटी वाजली की त्याचा पाय आपोआप माझ्या ब्रेकवर दाबला जाई. मी उभीच असायची. तरी तो दाबायचा. मला त्याची फार दया यायची.

संग्राम डोंगरापलीकडच्या कॉलेजात गेला. दोन वर्षं उत्तम खेळला. या मे महिन्यात विमानतळावरून घरी येताना त्याने बातमी सांगितली.

"बाबा, मी ड्राफ्टला नाव दिलंय."

ड्राफ्ट म्हणजे काय, ते इतक्या वर्षांत माझ्याही कानावर पडलं होतं. जूनमध्ये व्यावसायिक संघ देशभरातून साठेक खेळाडू एकेक करून निवडतात. त्याआधी ठरलेल्या तारखेपर्यंत नाव मागे घेतलं तर कॉलेजात परतता येतं. नाही घेतलं, तर कॉलेजचा खेळ संपला.

"आणि डिग्री?" उल्हासने विचारलं. त्याने डावीकडे वळायचा दिवा लावला होता, तो बंद करायचं विसरला.

"डिग्री नंतर करता येईल."

"दोन वर्षं राहिलीत रे फक्त!"

"माय नीज वोन्ट वेट, बाबा. गुडघे कायम असे राहणार नाहीत."

"पण घेतील का नक्की?" प्रीताने विचारलं.

"कदाचित. शेवटी शेवटी कुठेतरी."

"कदाचित!" उल्हास म्हणाला, जणू कुणी शिवीच दिली होती. पुढे घर येईपर्यंत माझा दिवा टकटक करत राहिला.

मग आली महाराष्ट्र मंडळाची सहल. मंडळातल्या शैलजामावशी बटाटेवड्यांचा ट्रे घेऊन माझ्या खिडकीपाशी आल्या. "संग्राम, केवढा झालास रे! समरला काय करतोयस?"

त्याने तोंड उघडण्याआधीच उल्हास म्हणाला, "इंटर्नशिप."

"अरे वा! कुठल्या कंपनीत?"

"फायनल व्हायचंय अजून."

मी पोरगं मान खाली घालून बसलेलं पाहिलं. सहा फूट आठ इंचांचा मुलगा, पण त्या वेळी माझ्या सीटवर अगदी लहान दिसत होता. मला उल्हासचा राग आला. परतीच्या वाटेवर संग्राम शेवटी बोलला.

"बाबा, आर यू अशेम्ड ऑफ मी?"

"काहीतरीच काय बोलतोस!"

"मग मावशींना खोटं का सांगितलंत? तुम्ही माझी एकही मॅच पूर्ण पाहिली नाही. नॉट वन. बुधवारी रात्री नऊला मुदत संपते. त्याच दिवशी पाच वाजता आपल्या जिममध्ये आमचा प्रॅक्टिस गेम आहे, मोठे प्लेअर्स येतायत. आत या. पूर्ण बघा. मग तुम्ही नाही म्हणालात, तर मी नाव मागे घेतो. प्रॉमिस."

सिग्नल हिरवा झाला होता, तरी उल्हासचा पाय ब्रेकवरच होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

बुधवारी मी नेहमीच्या जागी उभी राहिले. संग्राम बॅग घेऊन आत गेला. उल्हासने इंजिन बंद केलं, पण स्टिअरिंग सोडेना.

"चल," प्रीता म्हणाली.

"एक कॉल येणार आहे गं..."

"उल्हास."

बस, एवढंच. त्याने लॅपटॉप सीटवर ठेवला, दरवाजा उघडला आणि परीक्षेला निघाल्यासारखा तिच्यामागून गेला. मित्रांनो, त्या जिमबाहेर मी पहिल्यांदाच एकटी होते.

धपधप सुरू झाली. शिटी वाजली. माझ्या ब्रेकवर कुणाचाही पाय नव्हता आणि मला ते चुकल्यासारखं वाटलं. बऱ्याच वेळाने आत काहीतरी जोरात आदळलं आणि सगळं शांत झालं. तेवढ्यात त्या शांततेत कुणीतरी मराठीत ओरडलं, "ऊठ! ऊठ रे! पळ!" पुन्हा बुटांची किरकिर झाली. मग पुन्हा तोच आवाज, अजून मोठा, अजून चिरका. तो थांबतच नव्हता. असा आवाज आमच्या घरात कुणाचाही नव्हता.

साडेसहाला तिघे बाहेर आले. संग्रामच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली होती. तो पुढे बसला, उल्हास स्टिअरिंगवर, प्रीता मागे.

"सो?" संग्रामने विचारलं. त्याने फोन हातात धरला होता. नाव मागे घेण्याचा ईमेल त्याने आधीच लिहून ठेवला होता. "पाठवू का, बाबा?"

उल्हासने तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्याने खाकरून पाहिलं, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. ओरडून ओरडून त्याचा घसा पार बसला होता. मागे प्रीता हसत होती आणि डोळेही पुसत होती.

मग उल्हासने हात पुढे केला, मुलाच्या हातातून फोन काढून घेतला, माझ्या पुढच्या खणात ठेवला आणि खण बंद केला. मग त्याने किल्ली फिरवली. घरी सगळे जेवायला आत गेले. नऊ वाजले, नऊ वाजून गेले, फोन माझ्याजवळच होता, ईमेल न पाठवलेला.

कुठला संघ त्याला घेईल, घेईल की नाही, ते मला ठाऊक नाही. ते जूनमध्ये कळेल. शाळेच्या निबंधातल्या जुन्या गाड्या शेवटी सांगतात की आम्हाला धुवा, पुसा, एकटं टाकू नका. माझं मागणं जरा उलटं आहे. मित्रांनो, ज्याच्या काळजीने तुमचा पाय उगाच ब्रेकवर जातो, त्याचा खेळ बाहेर बसून ऐकू नका. आत जा, बघा, घसा बसेपर्यंत ओरडा. मला खुशाल एकटं सोडून जा.